मुदतबाह्य शोक

काल रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत लाँड्रीवाल्या काकू दुःखी होत्या. आज सकाळी उठल्या तेव्हा त्या रुग्ण होत्या. मधल्या वेळात ताप आला नव्हता, पाय घसरला नव्हता, काहीही घडलं नव्हतं. फक्त काकांना जाऊन एक वर्ष पूर्ण झालं होतं.

ज्यांना याचं आश्चर्य वाटतं, त्यांचं वैद्यकशास्त्राकडे लक्ष नाही, दुसरं काय म्हणायचं? नवरा गेल्यावर बाईने वर्षभर शोक करावा, याला तज्ज्ञांची पूर्ण परवानगी आहे. तज्ज्ञ काही दगड नाहीत. पण दुधाच्या पिशवीवर असते तशी एक तारीख दुःखावरही असते. ती उलटली की आतला माल कितीही ताजा असो, तो तपासायला पाठवावा लागतो. वर्षाच्या आत जे प्रेम असतं, तेच वर्षानंतर लक्षण होतं.

आणि काकू तर धड रडतही नव्हत्या. त्यांच्या केसमधली सगळ्यात गंभीर बाब हीच. त्या भांडायच्या.

लाँड्री रस्त्याच्या वळणावर होती. पुढे काउंटर, मागे इस्त्रीचं टेबल, आणि त्याच्या मागे प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये टांगलेल्या कपड्यांच्या रांगा, अशा की जणू बिनडोक्याची माणसं कशाची तरी वाट बघत उभी आहेत. काका आयुष्यभर त्या रांगांमध्ये कुठेतरी असायचे. काकू पुढून ओरडायच्या आणि मागून “बघू” असा आवाज यायचा. आता आवाज येत नव्हता, पण काकूंनी आपली बाजू चालू ठेवली होती.

“अहो, ही पँटची घडी तुम्ही शिकवलीत ना त्या कामावरच्या माणसाला? पँट आहे की जिना?” त्या इस्त्री फिरवता फिरवता म्हणायच्या. “आणि तो प्लग! किती वेळा म्हटलं बदलून घ्या. बघू म्हणालात. गेलात ना न बघता?”

गिऱ्हाइकांना सवय झाली होती. काहींना तर काका गेल्याचं माहीतही नव्हतं, कारण ते होते तेव्हाही कोणाला फारसे दिसले नव्हते. एक बाई कपडे न्यायला आल्या आणि जाताना म्हणाल्या, “काकांना सांगा हं, बटण अगदी छान लावलं.” काकूंनी निरोप ताबडतोब मागे पोचवला. “ऐकलंत? बटण मी लावलं. पण घ्या, घ्या तुम्ही श्रेय. जन्मभर तेच केलंत.”

या सगळ्याचा त्रास होता तो मुलाला. मुलगा टेलिफोन कंपनीत तक्रार निवारण विभागात होता. दिवसभर लोकांचं ऐकून घेण्याचा त्याला पगार मिळायचा, त्यामुळे घरी तो फुकट ऐकत नसे. त्याचा आवाज मात्र ऑफिसातून घरी येताना बदलायचा राहून जायचा.

“आई, तुला होत असलेल्या त्रासाची मला कल्पना आहे,” एकदा जेवताना तो म्हणाला.

“मला कुठे त्रास होतोय?”

“तुझं म्हणणं मी समजू शकतो. पण बाबा जाऊन वर्ष झालं.”

“मग? वर्ष झालं म्हणून प्लग आपोआप बदलला का?”

सून मधे पडली. सूनबाई मोबाईलवरच्या एका मनःशांतीच्या वर्गाला जात होत्या. तिथे एक अतिशय शांत बाई रोज सकाळी काहीतरी सोडून द्यायला सांगायची. सूनबाईंनी आतापर्यंत साखर, दोन मैत्रिणी आणि सासऱ्यांचं कपाट सोडून दिलं होतं. “आई, धरून ठेवलं ना, की जड होतं,” त्या हळुवारपणे म्हणाल्या. “तुम्ही नुसता श्वास घ्या आणि बाबांना जाऊ द्या.”

“अगं, ते गेलेलेच आहेत. मी कुठे अडवलं?” काकू म्हणाल्या, आणि छताकडे बघून पुढे म्हणाल्या, “बघितलंत? कपाट विकलं तुमचं हिने. बोला आता.”

मुलाने चमचा खाली ठेवला. “आई, तुझं हे असं चाललं की माझं कामात लक्ष लागत नाही गं.” हे मात्र त्याने स्वतःच्या आवाजात म्हटलं, आणि काकू तिथेच हरल्या.

एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या इमारतीत, क्ष-किरणांचा विभाग आणि मोडक्या चाकाच्या खुर्च्यांची खोली यांच्या मधे, एका दारावर पाटी होती: ‘दीर्घशोक निवारण औषध चाचणी, टप्पा दुसरा’. पहिला टप्पा उंदरांवर झाला होता. जोडीतला एक उंदीर बाजूला काढला आणि उरलेल्याला गोळी दिली, तर तो पुन्हा खायला लागतो आणि चाकावर पळायला लागतो, असं त्यात सिद्ध झालं होतं. माणसांकडूनही अपेक्षा साधारण तेवढीच होती.

मुलगा काकूंना इथे घेऊन आला. तपासणीला डॉक्टरीणबाई होत्या. त्या तरुण होत्या, हुशार होत्या, आणि त्यांच्या आयुष्यात अजून कोणीही मेलं नव्हतं, त्यामुळे त्यांची दृष्टी अगदी तटस्थ होती.

“तुम्ही मृत व्यक्तीशी बोलता का?”

“मृत व्यक्तीशी कशाला बोलू? मी यांच्याशी बोलते.”

“ते उत्तर देतात का?”

“जिवंत असताना तरी कुठे देत होते?”

डॉक्टरीणबाईंनी नोंद केली: प्रतिसादात फरक नाही. “त्यांच्याविषयी राग येतो?”

“येतो तर! सांगून गेले नाहीत. ‘जरा पडतो’ म्हणाले. मी म्हटलं, आत्ता कुठे पडताय, हॉटेलच्या चादरींचा गठ्ठा यायचाय. तर खरंच पडले.” काकूंनी पदर सारखा केला. “गठ्ठा मग मीच उचलला.”

“आयुष्य निरर्थक वाटतं का?”

“सकाळी लाँड्री उघडायची असते आणि दुपारी इस्त्री तापलेली असते. कधी वाटणार?”

“ते परत येतील असं वाटतं का?”

“छे! एवढी वेडी नाहीये मी.”

“मग तरीही बोलता कशाला?” हा प्रश्न यादीत नव्हता. तो डॉक्टरीणबाईंच्या तोंडून चुकून निसटला.

“डॉक्टर, तुमचं लग्न झालंय?”

“नाही.”

“मग राहू दे.”

काकूंचा शोक ‘तीव्र’ या श्रेणीत पास झाला. बाहेर व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा असा उजळला, की आई जणू बोर्डात आली.

गोळी पिवळी होती. निम्म्या रुग्णांना खरी मिळणार होती आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, नुसत्या साखरेची. कोणाला कोणती, हे रुग्णाला माहीत नव्हतं, देणाऱ्याला माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही माहीत नव्हतं. कोणालाच काही माहीत नाही, अशा व्यवस्थेवर लोकांचा आधीपासूनच गाढ विश्वास असल्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

काकूंनी फक्त एक विचारलं. “ही घेतली की काय होणार?”

“तुमचं त्यांच्याशी बोलणं कमी होत जाईल. मग थांबेल.”

काकूंनी गोळ्यांची पुडी पर्समध्ये टाकली. परत जाताना बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात म्हणाल्या, “अहो, पोरासाठी घेतेय हं. तुम्ही मनावर घेऊ नका. आणि कुठे जाऊ नका.”

दर आठवड्याला तपासणीला जायचं असे. तपासणी पाच मिनिटांची आणि थांबणं सकाळभराचं, हा दवाखान्यांचा जो जगमान्य नियम आहे, तो इथेही कसोशीने पाळला जात होता. थांबायला एक लांबलचक लाकडी बाक होता. पुढे जो काही अनर्थ झाला, तो या बाकामुळे झाला.

बाकावर काकूंच्या एका बाजूला पोहण्याचे मास्तर बसत. त्यांचा जुळा भाऊ गेला होता. “लोक मला बघून दचकतात हो,” ते पहिल्याच दिवशी म्हणाले. “एक म्हातारी तर मला बघून पाण्यात पडली. मीच काढली तिला बाहेर. तर मला म्हणते, तुम्ही किती चांगले होतात!” काकू हसू दाबायला गेल्या आणि ते नाकातून बाहेर आलं. मास्तरही हसले. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच, असं ते नंतर म्हणाले.

दुसऱ्या बाजूला चष्म्याच्या दुकानातली बाई. ती सासूसाठी शोक करत होती. सुनेला सासूचं दुःख वर्षाच्या वर टिकतं, हे तज्ज्ञांना इतकं अशक्य वाटलं होतं की त्यांनी आधी तिच्या डोळ्यांचीच तपासणी केली. “आमचं कधी एका शब्दाने पटलं नाही,” ती सांगायची. “मी म्हणायचे पडदा ओढा, त्या म्हणायच्या उघडा. आता दिवसभर पडदा माझ्या मनासारखा असतो. बघवत नाही त्याच्याकडे.”

“तुमच्या सासूबाई काय म्हणायच्या उघडा म्हणताना? कशा म्हणायच्या?” काकूंनी विचारलं. आणि चष्मेवालीने करून दाखवलं. हनुवटी वर, आवाज किनरा. संबंध बाकाने दाद दिली.

असं दर आठवड्याला चालायचं. आपापली मेलेली माणसं घेऊन सगळे यायचे आणि त्यांच्या खोडी एकमेकांना दाखवायचे. घरी ज्या गोष्टी सांगायला सुरुवात केली की लोकांना अचानक कामं आठवायची, त्या इथे शेवटपर्यंत ऐकल्या जात. कारण कोणालाच कुठे जायचं नव्हतं. नंबरच लागत नव्हता!

परिणाम भयंकर झाला. सगळे सुधारले.

प्रकल्पप्रमुखांपुढे आकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला. खरी गोळी घेणारे सुधारले होते, हे ठीक. पण साखरेची गोळी घेणारेही तेवढेच सुधारले होते. रुग्ण बरे होत होते आणि त्याचा औषधाशी काही संबंध नव्हता. कुठल्याही जबाबदार औषध कंपनीला हा प्रकार सहन होण्यासारखा नाही.

“यांना गुण कशाने येतोय?” प्रमुख गरजले. “शोधून काढा आणि बंद करा!”

शोध सुरू झाला. पाणी तपासलं, पंखा तपासला. अखेर संशय बाकावर आला. विषय नाजूक असल्यामुळे पाहणीसाठी नीतिमत्ता समितीच्या सदस्यांना, एका वयस्कर वकीलसाहेबांना, पाठवण्यात आलं.

आता इथे थोडं मागे जायला हवं. काकूंच्या सगळ्या गोष्टींत एक कोटाची गोष्ट होती. ती त्या प्रत्येकाला सांगायच्या, फक्त या वकीलसाहेबांना सोडून. वकीलसाहेब लाँड्रीचं जुनं गिऱ्हाईक. ते दुकानात आले की काकू हवापाण्यावर बोलायच्या. आणि त्या दिवशी वकीलसाहेब व्हरांड्यात खांबाआड येऊन उभे राहिले, तेव्हा नेमकी बाकावर कोटाची गोष्ट रंगात आली होती.

“... यांच्याकडे लग्नाला घालायला धड काही नाही. आणि दुकानात एका बड्या माणसाचा काळा कोट, नुकती इस्त्री केलेला. मी म्हटलं, अजिबात हात लावायचा नाही. तर म्हणाले, बघू. आणि घालूनच आले! बरं, गेलो लग्नाला. तर समोर कोण उभं?”

“कोण?” मास्तरांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. त्यांनी ही गोष्ट आधी ऐकलेली होती. पण “कोण?” विचारायची जागा ते सोडत नसत.

“कोटवाला! स्वतः! तो यांना खालपासून वरपर्यंत बघतो आणि म्हणतो, वा, छान कोट आहे. माझ्याकडेही अस्साच आहे. आणि हे! हे काय म्हणाले असतील? म्हणाले, असा कोट जपावा लागतो साहेब. चांगली लाँड्री बघा!”

बाक हलेपर्यंत सगळे हसले. आणि त्या हसण्यात एक हसणं व्हरांड्यातून आलं. वकीलसाहेब खांबाला धरून, वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

काकूंचा चेहरा पांढरा पडला. “साहेब... तुम्ही...”

“अहो, मला तेव्हाच कळलं होतं!” वकीलसाहेब म्हणाले. “बाहीवर माझ्याच पेनचा डाग होता. पण तुमचे मिस्टर त्यात इतके ऐटीत उभे होते, म्हटलं, असू दे. कोटालाही कधीतरी बरा माणूस मिळावा!”

वर्षभर काकू काकांबद्दल इतरांना सांगत आल्या होत्या. काकांबद्दल कोणीतरी त्यांना काही सांगायची ही पहिली वेळ. त्यांना माहीत नसलेले काका! म्हणजे अजून होते ते, थोडेसे, दुसऱ्या कोणाकडे तरी उरलेले.

“ऐकलंत का हो!” त्या इतक्या जोरात म्हणाल्या की क्ष-किरण विभागातले लोक बाहेर डोकावले. “त्यांना माहीत होतं! सगळं माहीत होतं!” आणि पदराने तोंड दाबून त्या रडायला लागल्या. वर्षात रडल्या नव्हत्या एवढ्या रडल्या, हसता हसता. मास्तर त्यांची पाठ थोपटत राहिले.

वकीलसाहेबांनी रुमालाने डोळे कोरडे केले, मग आत प्रमुखांच्या खोलीत गेले आणि त्याच ओल्या रुमालाने चष्मा पुसून अहवालावर सही केली. ‘शोकग्रस्त व्यक्तींमध्ये चाचणीच्या वेळेत उघड हास्य व परस्पर सांत्वन आढळले. ही बाब अत्यंत गंभीर असून, यामुळे औषधाच्या न्याय्य हक्कांवर गदा येत आहे.’

पुढच्या आठवड्यात बाक नव्हता. त्या जागी सुट्या खुर्च्या होत्या, भिंतीकडे तोंड केलेल्या, मधे उंच फळ्या. भिंतीवर पाटी: ‘कृपया आपापला शोक आपल्यापुरता ठेवावा.’ मास्तरांनी फळीवर टकटक करून “मग समोर कोण उभं?” एवढंच विचारलं, तर त्यांना नियमभंगाबद्दल चाचणीतून काढण्यात आलं. जाताना त्यांनी सवयीने हात हलवला. फळीआड कोणाला दिसला नाही.

पण एवढ्याने भागेना. रुग्ण घरी जाऊन बोलले तर? म्हणून चाचणीच्या समन्वयक बाई घरोघर फिरू लागल्या. काकूंच्या घरीही आल्या. काकू दुकानात होत्या. समन्वयक बाईंनी मुलाला आणि सुनेला समोर बसवलं.

“हे पाहा, घरच्यांचं सहकार्य महत्त्वाचं आहे. रुग्ण मृत व्यक्तीबद्दल बोलू लागल्यास ऐकून घेऊ नये.”

मुलाला वाटलं आपली ऐकण्यात चूक झाली. “ऐकून घेऊ नये?”

“मुळीच नाही. ऐकल्याने गुण येतो. मग औषधाला वाव राहत नाही.”

“हे... वैद्यकीय आहे?”

“शिक्क्यासकट लेखी देते ना.”

मुलगा आणि सून एकमेकांकडे बघत राहिले. काही माणसांना लॉटरी लागते, काहींना हे. सूनबाईंचे डोळे भरून आले. “म्हणजे आपण पहिल्यापासून बरोबरच करत होतो!” त्या म्हणाल्या. वर्षभर मनाला जी थोडी टोचणी लागली होती, तीही त्यांनी त्या क्षणी सोडून दिली.

ऐकून न घेण्याची पद्धत शास्त्रीय होती. रागवायचं नाही, कारण रागावणं हेही एक प्रकारे लक्ष देणंच. नुसतं “हो का” म्हणायचं. किंवा “असू दे आता.” किंवा “मागे सांगितलंस.” दर वेळी यातलं एक, न चुकता, दृष्टी दुसरीकडे ठेवून. मुलाला शिकवावंच लागलं नाही. त्याचं सगळं शिक्षण त्यातच झालं होतं.

“अरे, वकीलसाहेब काय म्हणाले माहितेय? यांना ते लग्नात...”

“हो का.”

“त्यांनी ओळखला होता रे कोट! तुझ्या बाबांना काही...”

“मागे सांगितलंस, आई.”

“कुठे सांगितलं? हे नवीन आहे!”

“असू दे आता.”

नवीन होतं ते. वर्षातलं एकमेव नवीन. काकूंनी ते सुनेकडे नेलं, ती डोळे मिटून श्वास घेत होती. शेजारणीकडे नेलं, तर तिलाही सूचना पोचलेल्या. काउंटरवर गिऱ्हाइकांना सांगायला जावं तर ती आता पावती हातात धरून घड्याळ बघायची, कारण समन्वयक बाई लाँड्रीतही येऊन गेल्या होत्या. वकीलसाहेबांनी तर समितीचा सदस्य आणि रुग्ण यांच्यात संबंध नको, म्हणून कपडे दुसरीकडे टाकायला सुरुवात केली. हे त्यांनी तत्त्व म्हणून केलं. तत्त्वाला इस्त्री कुठेही होते.

मग काकू कमी बोलायला लागल्या. आधी काकांबद्दल. ते मुलाला लगेच जाणवलं आणि तो खूश झाला. नंतर काकांशी. ते कोणाला जाणवलं नाही, कारण ते कोणी ऐकतच नव्हतं.

एका दुपारी इस्त्री जास्त तापली आणि एका पांढऱ्या शर्टची कॉलर पिवळी झाली. करपल्याचा वास सुटला. काकूंनी सवयीने मान वळवली, तोंड उघडलं. “अहो...” आणि पुढे काहीच नाही. असं नव्हे की शब्द सुचेनात. शब्द होते, प्लग होता, सगळं होतं. पण पूर्वी बोलल्यावर त्या क्षणभर थांबायच्या, आणि त्या थांबण्यात मागून काय आलं असतं ते त्यांना ऐकू यायचं. आज त्या थांबल्या तर कपड्यांच्या रांगेतून त्यांच्या मुलाच्या आवाजात आलं, “हो का.”

काकूंनी इस्त्री बाजूला ठेवली. रांगेत जाऊन एक एक कपडा सरकवून पाहिला. सगळ्या पिशव्या कुरकुरल्या. मग त्या परत टेबलाशी आल्या, करपलेला शर्ट घडी करून बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. मुकाट्याने. दिवसभर.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी प्रश्न काढले. “मृत व्यक्तीशी बोलता का?”

“नाही.”

“राग येतो?”

“नाही.”

“तुमच्या पतींबद्दल थोडक्यात सांगाल?”

पहिल्या वेळी या प्रश्नावर काकूंनी डॉक्टरीणबाईंची जेवणाची सुट्टी खाल्ली होती. या वेळी त्या खिडकीतून खालच्या गाड्यांकडे बघत म्हणाल्या, “चांगले होते.”

डॉक्टरीणबाई पेन धरून थांबल्या. अजून काहीतरी येईल म्हणून थांबल्या. काहीच आलं नाही. प्लग नाही, घडी नाही, बटण नाही. एक अख्खा वांड, ऐटबाज, कामचुकार माणूस दोन शब्दांत घडी होऊन प्लास्टिकच्या पिशवीत गेला होता. डॉक्टरीणबाईंनी का कोण जाणे, पहिल्या भेटीच्या नोंदींचं पान एकदा उलटून पाहिलं. पण त्या तटस्थ होत्या, त्यांनी ते पान मिटलं आणि लिहिलं: पूर्ण बरी.

मुलाने दवाखान्यात पेढे नसले तरी चॉकलेटं वाटली.

निकाल ऐतिहासिक होता. नियम कडक झाल्यापासून खरी गोळी घेणारे सगळे गप्प झाले होते. साखरेची घेणारेही सगळे गप्प झाले होते. काकूंची गोळी साखरेची निघाली. पण प्रमुख आता कच्च्या गुरूचे चेले राहिले नव्हते. त्यांनी पत्रकारांसमोर जाहीर केलं, की हे औषध इतकं प्रभावी आहे, की नुसत्या त्याच्यासारख्या दिसणाऱ्या गोळीनेही गुण येतो. टाळ्या पडल्या. वकीलसाहेब पहिल्या रांगेत होते, नव्या कोटात.

काकू आता छान आहेत. लाँड्री वेळेवर उघडते, घड्या नीट पडतात, जेवताना घरात इतकी शांतता असते की सूनबाईंनी मनःशांतीचा वर्ग बंद केला. कोणी विचारलं, “कशा आहात?” तर काकू “बरी आहे” म्हणतात. कोणी पुढे विचारत नाही. तशी सूचना आता देण्याचीही गरज उरलेली नाही.

औषध मात्र बाजारात आलेलं नाही. कंपनीने विक्रीआधी घरोघर पाहणी केली, तेव्हा एक विलक्षण अडचण पुढे आली. हे औषध लोकांकडे आधीपासूनच आहे. मुबलक आहे, फुकट आहे, आणि घरातल्या घरात, कोणाच्याही चिठ्ठीशिवाय दिलं जातं. पाहणीवाले तुमच्याकडेही येऊन गेले. तुम्हाला कळलं नाही, कारण तुम्ही तेव्हा फोनवर होतात. पलीकडे तुमच्या घरातलंच कोणीतरी एका गेलेल्या माणसाची आठवण सांगायला लागलं होतं, नुकतीच सुरुवात झाली होती, आणि तुम्ही म्हणालात, “बरं चल, मला दुसरा फोन येतोय.”

दुसरा फोन येत नव्हता. पण त्या माणसाने त्यानंतर ती आठवण पुन्हा काढलेली नाही. अभिनंदन. मात्रा अगदी बरोबर बसली.